कंपनीचा डबा

"ब्रेक तं एकदम मख्खन लागून राहिले गा, विश्वनाथभाऊ," बळीराम म्हणाला. "तू मले उगाच भेव दाखवलं. म्हने, लोकल पॅड सुरुवातीले लय कुरकुर करतीन. दोन दिवस झाले, एक आवाज नाही."

विश्वनाथ आपल्या गॅरेजसमोर बळीरामच्या गाडीचा हॉर्न जोडत होता. हात तारेवरच थांबला. रविवारची सकाळ, दहा वाजत आलेले, नागपुरातल्या नंदनवनच्या त्या गल्लीतली निम्मी शटर अजून खालीच होती. गिऱ्हाइकाने कौतुक केले आणि धास्ती वाटली, असे तीस वर्षांच्या धंद्यात पहिल्यांदाच झाले.

"काहीच आवाज नाही?"

"म्हटलं न."

सिमेंटचे दुकान जोरात चालत असूनही गाडीसाठी सगळ्यात स्वस्त काय आहे एवढेच विचारणारा माणूस म्हणजे बळीराम. शुक्रवारी त्याने निवडलेले ब्रेकचे पॅड इतके स्वस्त होते की डब्यावर बनवणाऱ्याचे नावसुद्धा धड नव्हते. विश्वनाथने बजावून दिले होते, शहरात चालते, पण घाटात नेशीन तं पहिले मले विचारजो, तापले की हे धरत नाहीत. असले पॅड पहिला आठवडा कुरकुरल्याशिवाय राहत नाहीत, हे त्याला स्वतःच्या नावाइतके पक्के माहीत होते.

त्याने हॉर्न तसाच लोंबकळत सोडला आणि जॅक ओढला.

"आता काय झालं?"

"पाहू दे."

चाक उतरले. पॅड बाहेर आला. त्याच्या पाठीवरून विश्वनाथने अंगठा फिरवला, तर पत्र्यात खोल ठसवलेले आकडे हाताला लागले. लोकल पॅडवर नुसता रंगाचा छापा असतो. तरी मन मानेना. त्याने पॅड बळीरामपुढे धरला.

"वाच बरं."

"तूच वाच न."

"मले दिसत नाही गा. वाच."

हे वाक्य त्याने वर्षभरात बायकोलाही म्हटले नव्हते. सरिता रोज डोळ्याच्या दवाखान्याचे नाव काढायची आणि तो रोज चष्मा पुसून दाखवायचा. मोतीबिंदू पिकला आहे हे त्यालाही कळत होते. पण डोळ्यात सुई घालणार याची त्याला फार भीती वाटे. ट्रकच्या खाली बेधडक शिरणारा माणूस, दवाखान्याच्या पायरीवरून दोनदा परत आला होता.

बळीरामने कंपनीचे नाव वाचले, खालचा नंबर वाचला आणि त्याचा चेहरा उजळला. "अरे, हे तं ओरिजनल होय! लॉटरीच लागली मले."

विश्वनाथ जमिनीवर बसला. बळीरामच्या गाडीत ओरिजनल होते, तर मयुराच्या गाडीत काय होते, हे विचारायची गरजच नव्हती.

मयुरा मागच्या गल्लीतली, शाळेत शिकवणारी. बळीरामची आणि तिची गाडी एकच मॉडेल, शुक्रवारी दोन्ही एकदमच गॅरेजला आलेल्या. ती शनिवारी पहाटे वडिलांना आणि लेकीला घेऊन चिखलदऱ्याला निघणार होती. "काका, ओरिजनल टाकू की बाहेरचे?" असे तिने विचारले, तेव्हा विश्वनाथने तिला नेहमीचे भाषण ऐकवले होते. आरसा बाहेरचा घे, दिवा बाहेरचा घे, वायपर बाहेरचा घे. पण जे गाडी थांबवते, ते कंपनीचंच घे. हे भाषण अख्ख्या नंदनवनला पाठ होते.

आणि त्याची एक पद्धतही सगळ्यांना माहीत होती. काढलेले जुने सामान नव्याच्या डब्यात घालून तो गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. बदललं की नाही, ही शंकाच नको. शुक्रवारी घाई होती, म्हणून त्याने दोन्ही डबे आधीच रिकामे केले, जुने पॅड त्यांत भरून ठेवले आणि नवे दोन जोड पेपरवर शेजारी शेजारी मांडले. मधेच उठून बळीरामशी दोन गोष्टी बोलला. परत बसला तेव्हा कुठला जोड कुणाचा, हे त्याने डोळ्यांनी ठरवले. त्या डोळ्यांनी.

मयुरा कंपनीचा डबा हातात घेऊन समाधानाने घरी गेली.

त्याने तिला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला, तेच. आज दुपारी ते खाली उतरणार होते. तो एकेक वळण आठवू लागला. मग आठवणे थांबेना. उजवीकडे दरी, समोरून एसटी, मयुराचा पाय ब्रेकवर आणि ब्रेक तापलेला. फोनवरचे आकडे त्याला अजिबात दिसेनासे झाले. तिसऱ्यांदा बळीरामनेच लावून दिला. लागला नाही.

"तिच्या घरी जाय," बळीराम आता हसत नव्हता. "नवरा असंन न तिचा."

मयुराचा नवरा सौरव मिहानच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला होता. शनिवारची रात्रपाळी करून तो झोपला होता. बेल तीनदा वाजवल्यावर दार उघडले. तेवढ्या वेळात विश्वनाथने एक सोपे वाक्य तयार केले होते. थोडं काम राहून गेलं, गाडी हळू आणायला सांग. एवढ्यावर भागलं असतं. कदाचित कुणाला काही कळलंही नसतं.

"काका, काय झालं?"

"सौरव, एक गोष्ट..." तो थांबला. जिन्याचा कठडा घट्ट धरला. "माह्याकडून चूक झाली. मयुराच्या गाडीत ओरिजनल पॅड नाही लागले. दुसऱ्याचे हलके लागले. घाटात ते टिकत नाहीत. तिले खाली उतरू देऊ नको."

सौरवची झोप क्षणात उडाली. तो आत जाऊन हॉटेलचा नंबर शोधू लागला. तो ओरडला असता तर विश्वनाथला बरे वाटले असते.

हॉटेलवाल्याने सांगितले, ती मंडळी साडेनऊलाच निघाली. लेकीला बरं नव्हतं, म्हणून लवकर.

सौरवने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. दहा पस्तीस. मग दोघेही फोन लावत राहिले, एकाचा संपला की दुसऱ्याचा. विश्वनाथ देवधर्म करणाऱ्यांतला नव्हता. आज मात्र त्याने जेवढे आठवले तेवढ्या सगळ्यांना हात जोडले. पोरगी सात वर्षांची. तिचं नाव अश्लेषा. शुक्रवारी ती त्याच्याच स्टुलावर बसून बिस्कीट खात होती.

दहा पन्नासला फोन लागला.

"मयुरा, कुठं आहेस?" सौरव ओरडला आणि त्याने स्पीकर चालू केला.

"घाटात. थांबलोय." आवाज तुटत येत होता. "ब्रेकचा जळल्यासारखा वास येऊन राहिला. ब्रेकवरचा पाय एकदम खाली गेला रे. बाबा म्हणाले म्हणून कशीबशी गिअरवर थांबवली. कठड्याला थोडी घासली."

"लागलं कोणाले?" सौरवने विचारले.

"नाही."

विश्वनाथने फोन ओढूनच घेतला. "बेटा, मी काका. गाडी हलवू नको. एक फूटही नाही. पहिल्या गिअरात राहू दे. चाकाच्या खाली मोठे दगड लाव, आणि सगळे बाहेर या. मी येतो."

"काका, वास मघापासूनच येऊन राहिला होता," मयुरा म्हणाली. "बाबा दोनदा बोलले, थांबव म्हणून. मी म्हटलं, काकांनी कंपनीचेच टाकले, नवे आहेत, वास येत असंल. म्हणून मी चालवतच राहिली."

फोन तुटला. विश्वनाथ तसाच जिना उतरला.

गॅरेजवर परत आला, तेव्हा बळीरामने जॅकशेजारी स्टूल टाकून ठेवले होते. "काढ माह्या गाडीतले," तो म्हणाला. "तिचेच होत ते. माही गाडी राहू दे इथंच. मी ऑटोनं जातो." एवढे बोलून तो खरोखरच निघून गेला. इतक्या वर्षांत बळीरामने न मागता सोडलेली ही पहिली वस्तू.

सौरवने टॅक्सी मागवली. पाच तासांच्या वाटेत तो विश्वनाथशी दोनच वाक्ये बोलला, पाणी पाहिजे का आणि परतवाडा आलं. मांडीवरची पॅडची पिशवी विश्वनाथने कुठेच खाली ठेवली नाही.

घाटातल्या सातव्या-आठव्या वळणावर गाडी उभी होती. डावा दरवाजा चेपलेला, चाकांखाली दगड. कठड्यापलीकडे सरळ दरी होती. विश्वनाथने एकदाच तिकडे पाहिले. दादाजी, मयुराचे वडील, नातीचे डोके मांडीवर घेऊन सावलीत बसले होते. शेजारी असून आणि एरवी रोज चहाला बोलावत असूनही, आज त्यांनी विश्वनाथकडे पाहून नुसती मान हलवली.

काम अर्ध्या तासाचे होते. जळालेले पॅड निघाले तेव्हा त्यांच्यावरचा घासणारा मसाला बोटांवर भुगा होऊन आला. नवे बसवण्याआधी विश्वनाथने एकेक पॅड सौरवपुढे धरला. "वाच. मोठ्यानं वाच." सौरवने चारही वाचले. मयुरा बाजूला उभी राहून ऐकत होती. आपल्याला दिसत नाही, हे तिला आता कळले आहे, हे विश्वनाथला तिच्याकडे न पाहताच समजले.

"दादाजीले अन् पोरीले टॅक्सीत घेऊन तू पुढं जाय," हात पुसत तो सौरवला म्हणाला. "गाडी मयुरा आणंन. मी तिच्या बाजूले बसतो."

"काका, तुम्ही पण टॅक्सीत या," मयुरा म्हणाली. "मी आणते हळूहळू."

"नाही. लावले मी, तं बसतो मीच."

त्याला बसायचे नव्हते. चेपलेला दरवाजा दोन्ही हातांनी ओढून त्याने बंद केला, पट्टा लावला, आणि समोरच्या धुरकट रस्त्याकडे पाहत बसला. टॅक्सी वळणामागे दिसेनाशी झाली.

"मयुरा," तो म्हणाला, "आता पुढच्या वेळी गाडी दुसऱ्या कोणाले दाखवजो बेटा."

काका, असं काय बोलता, असे ती म्हणेल म्हणून तो थांबला. तिला तसे म्हणायचे असावे, असेही त्याला क्षणभर वाटले.

मयुराने आरसा सारखा केला, हँडब्रेक सोडला आणि गाडी पहिल्या गिअरात उताराला लावली.