नख फिरवलंस ना?

“विनता, नख फिरवलंस ना?” दुकानासमोरच्या खुर्चीतून अच्युतकाकांनी विचारलं.

“हो काका, फिरवलं,” मी म्हणाले.

फिरवलं नव्हतं.

आमच्या शहरातल्या गोरखपूर वस्तीत माझं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. नवरा गेल्यावर काउंटरवर बसले, तेव्हा पिस्टन मला उलट्या ठेवलेल्या वाटीसारखा दिसायचा. शिकवलं ते काकांनी. गाड्यांच्या फॅक्टरीतून निवृत्त झाल्यापासून ते शहराच्या टोकाला, महाराजपुरात, घराच्या अंगणात जुन्या जीपांची इंजिनं बांधत. उजव्या तर्जनीचं नख मुद्दाम वाढवलेलं. “बाकीची नऊ माझी, हे कामाचं,” म्हणायचे.

रीत सोपी होती. इंजिनाच्या ब्लॉकवर हेड गॅस्केट, म्हणजे वरच्या झाकणाखालची भोकांची पातळ पट्टी, ठेवायची आणि सिलिंडरच्या आतून, भिंतीला लावून, नख वर आणायचं. गॅस्केटचं भोक सिलिंडरच्या तोंडाहून किंचित मोठं हवं. नख अडलं तर भोक लहान. मग ती कडा आत डोकावते, जाळात तापून लाल होते आणि एक दिवस जळते. पाकिटावरच्या आकड्यावर काकांचा विश्वास नव्हता. नखावर होता.

त्या दिवशी सुमेध नावाच्या पोराच्या जीपचा ब्लॉक शेजारच्या खरादवाल्याच्या लेथवरून माझ्या दुकानात आला होता. ताकद वाढवायची म्हणून बोअर, म्हणजे सिलिंडरचं तोंड, दीड मिलिमीटरने मोठा केलेला. काकांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आठवडा झाला होता. काळा चष्मा आणि वाकायची मनाई. म्हणून नख माझं. आणि मला संध्याकाळी भाचीच्या साखरपुड्याला जायचं होतं. सहा वर्षांनी नेलपॉलिश लावलं होतं. ते ओलं, ब्लॉक तेलकट. मी गॅस्केट ठेवलं, बोल्टची भोकं जुळली, म्हटलं झालं. बोल्टची भोकं जुन्या मापाच्या गॅस्केटचीही जुळतात, हे मला काय ठाऊक नव्हतं? दोन्ही पाकिटं एकाच फळीवर होती. बोल्ट मात्र काकांनीच कसले, उभ्यानेच, दाब दाखवणाऱ्या काट्याच्या पान्याने.

साखरपुड्यात सगळ्यांनी माझ्या नखांचं कौतुक केलं.

तीन आठवड्यांनी सुमेधने ते गॅस्केट माझ्या काउंटरवर आपटलं. घाटात इंजिन बसलं होतं. काका तिथेच चहा पीत होते.

“अंकल, दिखता नहीं है तो काम लेते क्यों हो?”

काकांनी कप खाली ठेवला. “बोल्ट कसने में गलती हुई होगी बेटा. मीटर का काँटा बराबर दिखा नहीं होगा.” आणि त्यांनी हात जोडले. त्याच्या वयाच्या पोराला.

गॅस्केट जुन्या मापाचं आहे, हे मला एका नजरेत कळलं होतं. तोंड उघडलंही. तेवढ्यात एक गिऱ्हाईक म्हणालं, “दीदी, ब्रेक ऑइल.” मी ब्रेक ऑइल दिलं.

काकांनी काम बंद केलं. गॅस्केट माझ्या काउंटरखाली पडून राहिलं. रोज झाडताना मी ते उचलायची, खालचं झाडायची, परत ठेवायची. महिनाभर.

काल मी ते पिशवीत घालून महाराजपुरात गेले. काका अंगणात बसले होते. सुमेध जीपमध्ये दुसरं इंजिन बसवून घेऊन गेला होता; त्याचा तो जुना ब्लॉक कोपऱ्यात पोत्याखाली पडलेला. प्रतिमाकाकू चहा घेऊन आल्या.

“बरं झालं आलीस. हे तर कोणाशी बोलूनच नाही राहिले.”

मी उभ्यानेच सांगून टाकलं. नेलपॉलिशसकट.

काकू ट्रे धरून तशाच उभ्या. “आणि महिनाभर गप्प काहून होती तू? इथे हा माणूस रोज एक डोळा झाकून कॅलेंडर वाचून पाहून राहिला!”

“सुमेधला सांगितलं मी आज सकाळी.”

“काय म्हणाला?”

“‘अच्छा आंटी, कोई बात नहीं.’ नवी गाडी बघतोय म्हणे.”

“वा,” काकू म्हणाल्या आणि चहा न देताच आत गेल्या.

काका उठले, ब्लॉकवरचं पोतं काढलं. “दे इकडे.”

मी गॅस्केट ठेवलं. बोल्टची भोकं जुळली. ती जुळणारच होती. काका वाकले, पहिल्या सिलिंडरमध्ये बोट घातलं, सावकाश फिरवलं. पुन्हा फिरवलं.

“काही कळून नाही राहिलं,” ते म्हणाले.

तेव्हा मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. तर्जनीचं नख कापलेलं होतं, बाकी नवांसारखंच, अगदी कातडीपर्यंत.

“काम नव्हतं ना,” हात मागे घेत काका म्हणाले. “भाजीत अडकत होतं. तू फिरव.”

माझ्या नखांच्या टोकाला त्या पॉलिशची लाल कोर अजून उरली होती. मी बोट आत घातलं, नख भिंतीला लावून वर आणलं.

टक.

काकांनी डोळे मिटले. “पुढचं.”

टक.

“पुढचं.”

टक.

चौथ्याला कडाच नव्हती, तिथे गॅस्केट जळून गेलेलं. माझं नख कुठेही न अडता बाहेर आलं. काका डोळे मिटून, मान कलती करून, तसेच थांबले होते.