न्यूट्रलमधल्या फेऱ्या

ममता आणि सलील दोघेही पुसदला माझ्या हाताखाली शिकले. पुढे इंजिनिअर होऊन त्यांनी मालवाहू इलेक्ट्रिक रिक्षा बनवायला घेतली. गाडी रस्त्यावर आणण्याआधी ममताने तिचं मॉडेल कॉम्प्युटरवर उभं केलं. मोटर, बॅटरी, ओझं, चढ-उतार, सगळं आकड्यांत. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना ती सांगायची, "हे गाडीचं सोंग आहे. खरी गाडी जशी वागते तसं यानं वागलं पाहिजे. नाही वागलं तर गाडीवर रागवायचं नाही, सोंग सुधारायचं."

खऱ्या गाडीच्या फेऱ्या तिच्या वडिलांनी, बळीरामांनी मारल्या. उमरखेडच्या वाटेवरच्या घाटात त्यांनी जन्मभर डिझेल रिक्षा चालवली. उतार लागला की हात आपोआप न्यूट्रलवर, तेवढंच डिझेल वाचतं. पण या गाडीत न्यूट्रल न करता उतरलं तरच मोटर वीज बनवून बॅटरीत परत भरते. मॉडेल म्हणत होतं, एका चार्जिंगमध्ये गाडी जाऊन येईल. प्रत्यक्षात बळीराम सवयीने उतारावर न्यूट्रल करत आणि दरवेळी गाडी परतीच्या चढावर थांबली.

बळीराम ओशाळले. ममता मात्र खूश. "बाबा, सगळे ड्रायव्हर असंच करतील. आताच समजलं, बरं झालं." तिने त्या फेऱ्या मॉडेलमध्ये घातल्या आणि गाडीचा पल्ला कमी करून लिहिला.

परवा गाड्या घ्यायला आलेल्या रिक्षावाल्यांसमोर सलीलने पडद्यावर आलेख लावला. मलाही बोलावलं होतं. पल्ला पुन्हा जुनाच. खाली लिहिलेलं, चाचणी: ममता.

"सलील, बाबाच्या फेऱ्या कुठं गेल्या?" ममताने विचारलं.

"तो डेटा खराब होता," तो हळूच म्हणाला. "ड्रायव्हरची चूक. अन् एवढ्या कमी पल्ल्याची गाडी घेईन कोण?"

"खराब? माहा बाप आहे तो."

"काय बाप्पा, गाडीच्या आधी तुमचंच इंजिन गरम होऊन राह्यलं!" पुढच्या रांगेतून कोणी तरी ओरडलं. लोक हसले.

बळीराम मागून उठले. "चूक माहीच होती साहेब. मी सवय सोडतो."

"तुम्ही सोडाल. बाकीचे?" ममता रिक्षावाल्यांकडे वळली. "भाऊ, उतारावर न्यूट्रल कोण कोण करते?"

जवळजवळ सगळे हात वर गेले.

"मग हा पल्ला तुमच्या कामाचा नाही. गाडी घाटात थांबन."

खुर्च्या सरकू लागल्या. सलील माझ्याकडे आला. "बाई, तुम्ही तरी समजवा हिले."

पोराची वजाबाकी चुकली की मी त्याला शेजारी बसवून पुन्हा करायला लावते. ही चुकलेली नव्हती, मुद्दाम केलेली होती. मी त्याला ममताकडेच वळवलं.

"फेऱ्या कवा काढल्या?" ममताने विचारलं.

"तुमच्या घरी जेवायले आलतो ना, तवाच. तू पोळ्या करत होती. लॅपटॉप उघडाच होता."

त्या दिवशी त्याला आग्रह करकरून वाढणारे बळीराम तिथंच उभे होते. त्यांनी लेकीची बॅग उचलून खांद्याला अडकवली.

"चाल," म्हणाले.