माझ्या नावाचं रोप

जगातल्या नामशेष वनस्पतींच्या यादीत माझं नाव आहे. पुढे लॅटिन शेपूट जोडलंय, पण नाव माझंच. नवऱ्याने दिलं. लोकांचे नवरे बायकोला दागिना देतात, माझ्याने एक मेलेलं रोप दिलं आणि वर अपेक्षा अशी की मी लाजावं.

दिलं तेव्हा ते मेलंय हे त्यालाही ठाऊक नव्हतं, एवढं त्याच्या बाजूने सांगते.

आम्ही दोघं एकाच संस्थेत कामाला. तो डोंगर धुंडाळून झाडंझुडपं गोळा करायचा, वर्तमानपत्राच्या घडीत घालून फळ्यांमध्ये दाबून वाळवायचा. वाळलेली माझ्या टेबलावर यायची. जाड पुठ्ठ्यावर ती मांडायची, डिंकाने चिकटवायची, जाड देठ असेल तर सुईदोऱ्याने दोन टाके घालायचे, हे माझं काम. गळालेल्या बिया, पाकळ्या कागदाच्या छोट्या पुडीत भरून त्याच पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात चिकटवायच्या. मग पुठ्ठा कपाटात. त्या कपाटांच्या खोलीला वरचे लोक संग्रहालय म्हणतात. आम्ही खालचे शवागार म्हणायचो.

एका कड्याखाली, पाणी झिरपत होतं तिथे, त्याला ते दिसलं. वीतभर उंची, काचेसारखा देठ, एक फिकट पिवळं फूल आणि एक शेंग. असं फूल त्याने कधी पाहिलं नव्हतं, कुणीच पाहिलं नव्हतं. गोळा करणाऱ्यांचा एक नियम असतो: एकच दिसलं तर हात लावायचा नाही. आणि दुसराही नियम असतो: नव्या वनस्पतीला नाव द्यायचं तर वाळवलेला नमुना लागतो, आणि रोप लहान असेल तर मुळासकट लागतो. हा दोन नियमांच्या मध्ये उभा राहिला आणि स्वतःशी म्हणाला, एवढंसं रोप एकटं कसं असेल, वरच्या अंगाला असतीलच.

त्या ‘असतीलच’ने आमचा संसार खाल्ला.

वर नव्हती. खाली नव्हती. पुढच्या वर्षी त्याच कड्यावर गेला, नव्हती. त्याच्या पुढच्या वर्षी कडाच नव्हता, दगडाच्या खाणीने तो फोडून नेला होता. तरीही हा जायचा. खाणीच्या काठावर गुडघे टेकून ढिगारे चाळायचा. शेवटी यादीत नाव चढलं, माझं, आणि खाली बारीक अक्षरात एक ओळ: एकमेव ज्ञात रोप संग्राहकाने मुळासकट उपटलं. खाणमालकाचा उल्लेख कुठेही नाही. डोंगर गिळणारा सुटला, रोप उपटणारा सापडला. शास्त्रज्ञ लोकांची हिंमत अशीच असते, स्वतःच्या माणसावर चालते. संस्थेत त्याचं नाव पडलं ‘उपट्या’. तोंडावर म्हणायचे आणि हसायचे, म्हणजे यानेही हसावं.

तो हसायचाही. मग घरी येऊन हात धुवायचा. रोप उपटताना देठ मोडून हाताला वास लागला होता म्हणे, शाळेतल्या ओल्या पाटीसारखा. तो गेलाच नाही म्हणे. जेवता जेवता थांबून बोटं हुंगायचा.

“येतोय?” मी विचारायची.

“येतोय.”

मी हुंगून पाहायची. साबण. पण तसं सांगितलं की त्याचा चेहरा असा व्हायचा की पुढे मी सांगणं सोडून दिलं.

फुप्फुसं निकामी होत गेली तेव्हा त्याला बाहेरच्या खोलीत खिडकीशी झोपवलं. डॉक्टर म्हणाले, महिने मोजू नका. तिथे पडल्यापडल्या तो माझ्या नावाने हाक मारायला लागला. मी हातातलं टाकून धावत जायची.

“काय रे?”

तो माझ्याकडे बघायचा, मग माझ्या मागे, भिंतीकडे. “तू नाही,” म्हणायचा.

लग्नाआधीपासून आम्ही अरे-तुरेतले. एकमेकांना हाका मारत म्हातारे झालो. आता हाक माझ्या नावाची आणि बोलावणं दुसरीला. सवतीवर मात करता येते हो, केस धरून घराबाहेर काढता येते. हिचं काय करणार? हिला मीच डिंकाने चिकटवून पुठ्ठ्यावर बसवलं होतं.

त्याला एकच हवं होतं. ती ओळ खोडली जावी. उपट्या म्हणून मरायचं नव्हतं त्याला.

आणि पुठ्ठ्यावर ती पुडी होती. त्या एका शेंगेतल्या बिया.

मी मोठ्या बाईंकडे गेले. संस्थेच्या प्रमुख त्या. बाई वाईट नाहीत, नियमाच्या आहेत, आणि माझ्या अनुभवात ते जास्त घातक.

“बाई, त्या बिया पेरून बघू या.”

“अगं, टाइप नमुना आहे तो. लाल फाईल. त्यावरून नाव ठरलंय. त्याचा कण हलवता येत नाही.”

“बिया आहेत त्या, कण नाहीत.”

“इतक्या वर्षांनी मेल्या असतील.”

“मेल्या असतील तर पेरायला काय हरकत?”

“आणि जिवंत असतील तर एकदाच संधी मिळणार, ती तू स्वयंपाकघरात वाया घालवणार. प्रयोगशाळेसाठी अर्ज टाकते मी.”

“अर्जाचं उत्तर येईपर्यंत हा राहील का?”

बाईंनी चष्मा काढून पुसला.

त्यांनी अर्ज टाकला, खरंच टाकला. मी वाट पाहिली नाही. भर दुपारी, सगळ्यांच्या देखत लाल फाईल टेबलावर घेतली, डिंक सुटलाय म्हणाले, पुडी उकलली. मोहरीपेक्षा बारीक, करड्या बिया. सगळ्या उचलल्या. पुडी पुन्हा घडी घालून चिकटवली. इतकी वर्षं प्रामाणिकपणे काम केल्याचा एवढाच फायदा झाला, कुणी मान वर करून पाहिलं नाही.

विटेचा तुकडा, त्यावर ओलं शेवाळ, वर काचेचं भांडं पालथं. खिडकीत, त्याच्या उशाशी. त्याला सांगितलं नाही. आशेला घाबरत होते मी, मरणाला नाही.

आधी वास आला. शेवाळ नुसतं हिरवं होतं, काही उगवलं नव्हतं. माझी नणंद भावाला बघायला आली आणि दारातच थबकली.

“वहिनी, घरात पाटी कुणी धुतली?”

ताईला वासाबद्दल कुणी कधी सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं मी ज्याला भ्रम समजत होते तो आता दारात उभा राहून पाहुण्यांना भेटत होता.

मग एक बी फुटलं. बाकीची कुजली. एकच. ह्या जातीला एकटं येण्याची खोडच असावी.

त्याने ते पाहिलं तेव्हा दोन पानं आली होती. कुशीवर वळला आणि दिवसभर बघत राहिला. संध्याकाळी माझ्या नावाने हाक मारली. मी स्वयंपाकघरातून ओ दिली नाही. पहिल्यांदाच.

रोप वीतभर झालं, कळी धरली. एक. आणि माझ्या नवऱ्याने मला न विचारता मोठ्या बाईंना फोन लावला.

बाई दुसऱ्याच दिवशी आल्या. रोप बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं सांगणार नाही. चोरीबद्दल अवाक्षर काढलं नाही. नंतर खांद्यावरची पिशवी उघडली. आत वर्तमानपत्र, पुठ्ठे, दोन फळ्या.

“फूल उमललं की खुडायचं,” त्या म्हणाल्या. “एक फूल, एक पान. समितीची बैठक ह्याच महिन्यात आहे. नमुना दिला तर यादीतून नाव निघेल. ती ओळही निघेल.”

“फोटो काढा की.”

“ह्या कुळातली चार फुलं फोटोत सारखी दिसतात. फूल उघडून आतले भाग पाहावे लागतात. त्याशिवाय कोणी मानणार नाही.”

“बी धरू द्या. पुढच्या वर्षी चार रोपं येतील, त्यातलं घ्या.”

“आणि नाही धरलं तर? फूल गळून गेलं तर रोप वाळणार, वर्षाचंच आयुष्य आहे त्याचं. मग तुझ्याकडे ना बी, ना पुरावा. ते परत आलं होतं हे तुझ्याशिवाय कुणाला माहीत असणार?”

बाई बरोबर बोलत होत्या. मला त्याचाच संताप आला.

“म्हणजे ते जिवंत आहे हे दाखवायला मारायचं.”

“तसं नाही गं...”

“मग कसं? पहिल्यांदाही असंच झालं. यादी करणाऱ्यांना मेलेलंच लागतं. हा एकटाच उपट्या का?”

पलंगावरून आवाज आला, फाटलेला. “खुडू दे.”

मी वळले. तो उठून बसला होता, छाती भात्यासारखी हलत होती.

“मला उपट्या म्हणून मरायचं नाही.”

“मग मरू नकोस.”

बाई फळ्यांची पिशवी ठेवून गेल्या. विचार करा म्हणाल्या. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलला नाही. मी खोलीत गेले की डोळे मिटायचा. मी बाहेर पडले की बोलायचा. ओट्याशी उभी राहून मी ऐकायची, माझं नाव, इतक्या मायेने घेतलेलं, की लग्नानंतर पहिल्या वर्षीही घेतलं नसेल. कधीकधी वाटायचं पलीकडून उत्तरही येतंय. मग मी मुद्दाम नळ सोडायची.

फूल उमललं. फिकट पिवळं, घशात लाल रेघ. ह्या फुलाचं एक नाटक असतं: त्यातला नर आधी म्हातारा होऊन गळून पडतो, मग मादी जागी होते. तोवर पराग कुठला? म्हणून मी पहिल्याच दिवशी पराग बारीक कुंचल्यावर घेतला, कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवला, दोन दिवसांनी तो कुंचला फुलात फिरवला. तो बघत होता. डोळे उघडे होते, तोंड बंद. मी त्याची सुटका एका कुंचल्याने पुसतेय हे दोघांनाही कळत होतं. फुलाने बी धरलं तर नमुना नाही, आणि बैठक निघून जाणार.

बैठकीच्या आदल्या दिवशी मी औषधं आणायला गेले. परत आले तर पलंग रिकामा.

तो खिडकीशी खुर्चीत बसला होता. तिथवर कसा गेला, देव जाणे. मांडीवर बाईंची फळी, तिच्यावर वर्तमानपत्राची घडी उलगडलेली, अगदी नीट, कोपऱ्याला कोपरा. उजव्या हातात कात्री. रोप तसंच उभं, फूल तसंच.

“केव्हापासून बसलायस?”

“तू गेलीस तेव्हापासून.” कितीतरी दिवसांनी माझ्याशी बोलला. “हात पुढे जाईना.”

ताकद संपली होती म्हणून, की आणखी कशाने, हे मी विचारलं नाही. त्याने सांगितलं असतं तरी मी विश्वास ठेवला नसता, आणि त्यालाही ते ठाऊक होतं. कात्री काढून घेतली. बोटं थंडगार होती. मी हुंगली. साबण नव्हता.

बैठक झाली. नाव यादीत राहिलं, ओळही राहिली. फूल गळालं आणि मागे शेंग दिसली, तांदळाच्या दाण्याएवढी. त्याला दाखवली. तो म्हणाला, “हिची फुटते. पिकली की आपोआप उडते. लक्ष ठेव.” आठवड्याने गेला. संस्थेच्या फलकावर लावलेल्या कागदावर त्याच्या नावाखाली तेच होतं, अमुक वनस्पतीचा शेवटचा संग्राहक. उपट्या, पण इस्त्री केलेला.

आम्ही त्याला पोचवून घरी आलो तेव्हा मी चपलाही न काढता आधी खिडकीशी गेले. शेंग नव्हती. होती, पण फुटून पिळलेली, सुरळ्या झालेली, रिकामी. लक्ष ठेव म्हणाला होता, आणि नेमकी त्याला पोचवायला गेलो तेवढ्या वेळात ती फुटली. विटेवर बी नव्हतं. खिडकीच्या चौकटीत नव्हतं. मोहरीपेक्षा बारीक, करडं, करड्या फरशीवर. रोप पुढच्या दिवसांत वितळल्यासारखं बसलं.

मोठ्या बाईंचा फोन आला. “काही राहिलंय का? एखादं पान?”

“नाही.”

“मग ते उगवलं नव्हतंच असं धरते.”

“धरा.”

त्या खोलीत मी केर काढत नाही. फरशीच्या फटी आहेत, भिंतीकडेला ओल आहे, पलंगाखाली धूळ साचलीय. कुठेही असेल. सकाळी उठले की फवारणीची बाटली घेऊन भिंतीच्या कडेकडेने पाणी मारते. शेजारणी कुजबुजतात, दुःखाने डोकं फिरलं. फिरू दे. काही सकाळी ओल्या पाटीचा वास येतो आणि कुणीतरी माझ्या नावाने हाक मारतं. आता मी ओ देते. माझ्यासाठी असो नसो.

परवा ताई आली. दारातून बघितलं आणि कपाळाला हात लावला.

“वहिनी, घराची काय रया गेली ही. आण तो झाडू, मी काढते.”

“हात लावायचा नाही झाडूला.”

“अगं, माणूस गेलं म्हणून घर असं टाकतात का?”

“टाकलं नाही. राखतेय.”

मग नाक वर करून तिने हवा हुंगली, एकदा, दोनदा, आणि तिचा चेहरा बदलला. वास आला का असं मी विचारलं नाही. तिने उंबऱ्याबाहेरच चपला काढल्या, पदर खोचला आणि एक पाय उचलून तशीच उभी राहिली.

“बरं बाई,” ती हळू आवाजात म्हणाली, “पाय कुठे ठेवू ते तरी सांग.”