जरा मागे सरा

लग्नाचे फोटो काढून पोट भरणाऱ्या माणसाला एक खोड लागते. समोर चार डोकी दिसली की तोंडातून आपोआप निघतं, "जरा मागे सरा." आमच्या फोटोवालीलाही ती खोड होती, आणि त्या सकाळी ती नेमकी नको तिथं उफाळून आली.

झालं असं, की खाणवाल्या कंपनीचं मशीन डोंगर पोखरायला यायचं होतं. डोंगर फोटोवालीच्याच माणसांचा, त्या रानात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्यांचा. कंपनीनं खुशाल सांगून टाकलं होतं की विरोध करणारे पाचदहा रिकामटेकडे आहेत. पेपरवाला म्हणाला, सगळी माणसं दिसतील असा एकच फोटो आणा, पहिल्या पानावर छापतो. म्हणजे सगळी मदार फोटोवालीवर.

नदीकाठी सगळं गाव हातात हात घालून उभं राहिलं. मधोमध तिची आत्या, या लढ्याची पुढारी. काहीही होवो, एक पाऊल मागे घेणार नाही, अशी शपथ आत्यानं प्रत्येकाकडून घेतली होती. पलीकडून मशीन घरघरत पाण्यात उतरलं. फोटोवाली मध्ये, ओल्या दगडांवर, गावाकडे तोंड करून. पण रांग एवढी लांब, की दोन्ही टोकं फोटोत मावेनात. आणि घसरलीच जीभ.

"जरा मागे सरा," ती म्हणाली.

रांग ढिम्म. मग एका म्हाताऱ्याला हसू फुटलं, त्याच्या शेजारणीला उचकी लागली, आणि बघता बघता या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळे पोट धरून हसायला लागले. पोट धरायला हात मोकळे नव्हते, ही गोष्ट वेगळी.

"आम्ही नाही सरत गं बाई," आत्या म्हणाली. "तूच सर."

बिचारी सरली. दगडावर होतं शेवाळ. ती उताणी पाण्यात, पाय वर, कॅमेरा पायांहून वर, आणि बोट बटणावर दाबलेलं.

"अगं, पोरगी पडली," म्हणत आत्या धावली, आणि तिच्या हातात हात अडकलेलं अख्खं गाव नदीत घुसलं. मशीनवाल्याला वाटलं, आता आपली खैर नाही. त्यानं मशीन जे मागे घेतलं, ते थेट पलीकडचा काठ चढूनच थांबलं.

तो पुन्हा येणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी त्या दिवशी हसून हसून कोणाला धड जेवता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पेपर आला. फोटो वाकडा, पण पहिल्या पानावर, आणि रांगेची दोन्ही टोकं त्यात. आत्या एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत गेली. कोणी सुटलं नव्हतं.

"सगळे आलेत," ती म्हणाली. "तूच तेवढी नाहीस यात."

"असं कसं, आत्या," फोटोवाली म्हणाली. तिचं हसू थांबत नव्हतं. "हे सगळे धावतायत कोणाकडे?"