एका तिकिटात दोघे

आमच्या घरात दोन विषाणू आणि दोन बायका राहतात. विषाणू माझ्या अंगात असतात, बायका बाहेर. भांडतात मात्र बायकाच.

एचआयव्ही मला जन्मापासून आहे. आई-बाबा गेल्यावर मावशीने मला वाढवलं. ती कपडे शिवते, आणि रोज संध्याकाळी मशीन थांबवून मला गोळी देते. मागच्या वर्षी मी सारखी दमायला लागले, जेवण जाईना. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं तर 'बी' प्रकारची कावीळसुद्धा निघाली.

"दोन्ही एकत्र आले की लिव्हरचे हाल जास्त होतात," त्या म्हणाल्या. "आता गोळी बदलू. नव्या एकाच गोळीत दोघांवरचं औषध आहे. फक्त एक दिवसही खाडा नको."

हे कळताच आत्या बॅग घेऊन हजर. "एक आजार तुम्ही बघा ताई, दुसरा मी बघते!" आत्या निवृत्त बसकंडक्टर. घरात कुणी दारात रेंगाळलं तरी "पुढे सरका" म्हणते. एका गोळीची गोष्ट काही तिच्या गळी उतरेना. "एका तिकिटात दोघे? माझ्या बसमध्ये असलं कधी चाललं नाही."

मग काय! मावशी संध्याकाळी गोळी द्यायची, आणि झोपताना आत्या गुपचूप त्याच बाटलीतली दुसरी. मी ती मुठीत दाबून नुसतं पाणी प्यायचे आणि गोळी कंपासपेटीत टाकायचे. सांगायची सोय नव्हती. एकच गोळी पुरते हे आत्याला पटलं असतं, तर ती बॅग उचलून परत गेली असती. आणि मला ती हवी होती. झोपताना ती प्रवाशांच्या गमती सांगते, तशा मावशीला कुठे येतात?

बाटली अर्थातच वेळेआधी संपली. मावशीने घर डोक्यावर घेतलं आणि त्याच दुपारी आम्हा दोघींना दवाखान्यात नेलं. जन्मभर ओरडलेली आत्या तिथे कशीबशी पुटपुटली, "दुसरी मी देत होते."

"रोज दोन? अहो, किडनीवर ताण येतो!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आत्या मटकन खुर्चीत बसली आणि रडायलाच लागली. ते मला बघवेना. मी दप्तरातून कंपासपेटी काढून टेबलावर उपडी केली. गोळ्या, गोळ्या आणि एक खोडरबर.

"अगं, मग बोलली का नाहीस?" डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं.

"आत्या गेली असती म्हणून," मी म्हणाले, आणि मलाही रडू फुटलं.

त्यांनी पुन्हा रक्त तपासलं. दोन्ही विषाणू दबलेले, लिव्हर सुधारत होतं. एका गोळीने काम चोख केलं होतं. रिपोर्ट वाचून आत्याने डोळे पुसले आणि घरी येताच बॅग भरायला घेतली.

"कुठे निघालात?" मावशीने मशीन न थांबवताच विचारलं.

"एका तिकिटात भागतंय ना. आता माझं काय काम?"

"गोळी मी देईन. पाणी कोण देणार? माझे हात मशीनवर असतात."

मावशीने इतकी वर्षं गोळी दिली, पाणीही तिनेच दिलं. आत्याने बॅग खाली ठेवली आणि मावशीच्या बाकाजवळ गेली.

"मग जरा पुढे सरका," ती म्हणाली.

मावशी सरकली.