दोन बोटं ढील

मास्तरांचा उजवा पाय हा वेगळाच प्राणी आहे, असं त्यांची बायको म्हणायची, आणि मास्तर सोडून सगळ्यांना ते पटायचं.

मास्तर बावीस वर्षं गाडी शिकवत होते. शिकणारा स्टिअरिंगवर, मास्तर शेजारच्या सीटवर, आणि मास्तरांच्या पायाखाली त्यांचं स्वतःचं एक जादा ब्रेकचं पेडल. त्यात जादू काही नव्हती. त्या पेडलपासून एक जाड तार निघायची आणि शिकणाऱ्याच्या ब्रेकला जाऊन बांधलेली असायची. मास्तरांनी इकडे दाबलं की तार ओढली जाऊन तिकडचं पेडलही खाली जायचं. एखादा सायकलवाला आडवा आला आणि शिकणारा गांगरला, तर कुणाचं डोकं फुटू नये, एवढ्यासाठी ती सोय. पण सवय मेली वाईट. मास्तर बसमध्ये बसले तरी पाय दाबायचे. न्हाव्याच्या खुर्चीत वस्तरा जरा जोरात आला तरी दाबायचे. मेहुण्याच्या नव्या गाडीत शेजारी बसून त्यांनी पायाखालची चटई टाचेने भोक पडेस्तोवर दाबली होती, आणि वर मेहुण्यालाच सुनावलं होतं की तुझ्या गाडीतल्या चटया फालतू आहेत.

तर असे हे मास्तर त्या दिवशी परीक्षेच्या मैदानाबाहेर बाकावर बसले होते, आणि शेजारी नर्सबाई. नर्सबाई दुसऱ्यांदा नापास झाल्या होत्या.

वय एक्कावन्न, हात असा की सुई टोचलेली पोरांना कळायची नाही. दवाखान्याला नवी व्हॅन मिळाली होती. ज्या नर्सला चालवता येईल तिच्याकडे लांबच्या वस्त्यांचं काम जाणार होतं: बाळंतिणी बघायच्या, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना औषधं द्यायची. कुणालाच जमलं नाही तर बाहेरून ड्रायव्हर येणार, त्याच्याबरोबर एक तरुण नर्स जाणार, आणि बाईंची रवानगी कोठारात, कापूस आणि पट्ट्या मोजायला. परीक्षेची अजून एकच संधी उरली होती, दहा दिवसांनी. ती हुकली की सहा महिने अर्ज करता येत नव्हता, आणि तोवर दवाखाना थोडाच थांबणार होता.

"मास्तर, खरं सांगू?" बाई म्हणाल्या. "परीक्षेच्या दिवशी तुमच्या गाडीचा ब्रेक दगड होतो. रोज कसा लोण्यासारखा जातो. आज दाबला तर जागचा हलेना. मला वाटलं काहीतरी बिघडलंय, म्हणून पाय काढला, आणि गाडी गेली रेषेच्या पुढे."

"गाडी तीच, ब्रेक तोच," मास्तर म्हणाले. "नाचता येईना, अंगण वाकडं."

बाईंनी पदराने डोळे पुसले. मास्तरांना जरा वाईट वाटलं, पण शब्द गेला तो गेला.

घरी जेवताना त्यांनी हे बायकोला हसत हसत सांगितलं. बायको हसली नाही.

"मी काय म्हणाले होते, आठवतंय का?" तिने विचारलं. "लग्नाच्या दुसऱ्या वर्षी आठ दिवस शिकायला बसले होते तुमच्या गाडीत. ब्रेक माझ्या पायाखालून पळतो म्हणाले होते."

"तुझी गोष्ट वेगळी. तुला गाडीचा पायच नाही."

"हो, ते तुम्ही सगळ्या गावाला सांगितलंत," असं म्हणून तिने ताटं उचलली. विषय तिथे संपला, म्हणजे मास्तरांच्या मते संपला.

दुसऱ्या दिवशी गाडी मिस्त्रीकडे न्यायची होती, ब्रेकचे पॅड बदलायला. मिस्त्री हा मोजून मापून बोलणारा गडी. त्याने चाकं काढली, झिजलेले पॅड मास्तरांच्या हातावर ठेवले, नवे बसवले. मग बॅटरी तोंडात धरून गाडीच्या आत वाकला आणि बराच वेळ तिथेच राहिला.

"मास्तर, वाका जरा."

मास्तर वाकले.

"हे तुमच्या बाजूचं पेडल बघा. आणि हे शिकणाऱ्याचं."

मास्तरांच्या पेडलवरचं रबर झिजून झिजून पार गुळगुळीत झालं होतं, मधोमध तर लोखंड चमकत होतं. शिकणाऱ्याच्या ब्रेकचं रबर मात्र जवळजवळ कोरं. त्यावरच्या आडव्या रेघा अजून बोटाला टोचत होत्या.

"दोन्ही रबरं मीच बसवली, एकाच दिवशी," मिस्त्री म्हणाला. "पाच वर्षं झाली. ह्या पाच वर्षांत तुमच्या गाडीचा ब्रेक दुसऱ्या कुणी दाबलाय का?"

"दाबत नाहीत तर काय? त्यांचा पाय असतो की ब्रेकवर."

"असतो. तुम्ही आधीच दाबता, तार ओढली जाते, पेडल आपणहून खाली जातं आणि त्यांचा पाय नुसता त्याच्या मागोमाग जातो. त्यांना वाटतं आपणच थांबवली. परीक्षेत साहेब शेजारी बसतो, तो काही दाबत नाही. मग पेडलचं खरं वजन त्यांच्या पायाला पहिल्यांदाच कळतं."

मास्तर वाकलेले होते ते तसेच राहिले. अंगण खरंच वाकडं होतं, आणि वाकडं त्यांनीच केलं होतं. बावीस वर्षांत त्यांची किती माणसं नापास होऊन परत गेली, किती जणांना त्यांनी 'तुमच्यात धीर नाही' म्हणून ऐकवलं, ते सगळं एकदम आठवायला लागलं. त्यांना मनापासून लाज वाटली.

"तार काढून टाक," ते म्हणाले.

"रस्त्यावर नेणार ना गाडी? मग काढणार नाही. उद्या काही झालं तर?" मिस्त्रीने पाना उचलला. "ढील देतो. दोन बोटं. तुम्ही दाबलं की आधी दोन बोटं पेडल नुसतं रिकामं जाईल. त्याच्या पुढे तार ताणली जाईल, मग ब्रेक लागेल. तेवढ्या वेळात समोरच्याला दाबू द्या. नाहीच दाबला त्याने, तर तुम्ही आहातच."

मास्तर तिथून थेट दवाखान्यात गेले. बाई मलमपट्टीच्या खोलीत कात्र्या उकळत होत्या. मास्तरांनी बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं, रबरासकट.

बाईंनी चिमट्याने एक एक कात्री काढून ट्रेमध्ये ठेवली. सगळ्या ठेवून झाल्यावर म्हणाल्या, "म्हणजे दोन महिने गाडी तुम्ही चालवलीत. आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा मला म्हण ऐकवलीत."

"हो."

"दुसरा कुणी असता तर दारातूनच हाकलला असता. बसा." त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. "आता एक सांगा. मी दाबते म्हणजे नक्की काय होतं? तुम्ही आजवर नुसतं 'दाबा' म्हणालात. दाबलेलं जातं कुठे?"

हा प्रश्न मास्तरांना बावीस वर्षांत कुणी विचारला नव्हता, आणि त्यांनीही आपणहून कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी सांगायला सुरुवात केली. पेडलच्या पुढे एक नळकांडं असतं, त्यात तेल भरलेलं. पाय दाबला की आतला दट्ट्या पुढे सरकतो. तेल दाबून लहान होत नाही, त्यामुळे तो दाब बारीक नळ्यांतून जसाच्या तसा चारही चाकांपर्यंत जातो. चाकापाशी मोठा दट्ट्या असतो, तो पॅडला ढकलतो, आणि चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीला दोन्ही बाजूंनी पॅड आवळून धरतात. गाडीचा वेग तिथे घासून घासून गरम होतो आणि संपतो.

बाईंनी त्यांना मध्येच थांबवलं. कपाटातून एक बारीक सिरिंज काढली, एक जाड काढली, दोन्हींत पाणी भरलं आणि मध्ये सलाईनच्या नळीचा तुकडा जोडला. जाड सिरिंज मास्तरांच्या हातात दिली.

"दट्ट्यावर अंगठा ठेवा. हलू देऊ नका."

त्यांनी बारीक सिरिंज दोन बोटांनी दाबली. मास्तरांनी जोर लावला, दात आवळले, तरी त्यांचा अंगठा मागे सरकला. मग बाईंनी नळी सोडवून तिच्यात मुद्दाम हवेचा बुडबुडा घेतला आणि पुन्हा दाबलं. या वेळी दाबलेलं अर्धंअधिक बुडबुड्यातच जिरलं.

"आणि तेलात हवा शिरली तर असं होतं?"

"असंच. पेडल भुसभुशीत लागतं. मग ती हवा काढावी लागते."

"हे तर आमचंच काम झालं," बाई म्हणाल्या. "आधीच सांगितलं असतंत तर मी घाबरले नसते. मला वाटायचं पेडलला बांधलेली एखादी काठी चाकात जाऊन अडकते."

त्या दिवसापासून बंद पडलेल्या गिरणीमागच्या मैदानात सराव सुरू झाला. मास्तरांनी पाण्याचा रिकामा ड्रम उभा केला. ड्रमच्या आधी थांबायचं, एवढंच. पहिल्या दिवशी बाई एकदा ड्रमच्या वीस पावलं आधीच थांबल्या, एकदा इतक्या जोरात की पट्ट्याने दोघांची छाती आवळली, आणि दोनदा ड्रम आडवा झाला. मास्तरांचा पाय दर वेळी दोन बोटं रिकामा जायचा.

"मास्तर, तुमचा पाय," बाई समोर बघतच म्हणाल्या.

"कुठे काय?"

"मी तीस वर्षं माणसांचे पाय बघतेय. इथे मैदानात ड्रमशिवाय कुणी नाही. मांडी घालून बसा."

मास्तर सीटवर मांडी घालून बसले. दुसरं करणार काय, नर्सचा आवाजच तसा असतो. मग बाईंचं जमायला लागलं. पाय आपटायचा नाही, टेकवायचा. मग इंजेक्शन द्यावं तसं वजन सावकाश वाढवत न्यायचं. आणि गाडी थांबता थांबता किंचित सोडायचं, म्हणजे हिसका बसत नाही. हे शेवटचं मास्तरांनी शिकवलंच नव्हतं. बाईंच्या पायाने ते आपलं आपण शोधलं, आणि मास्तरांना आपल्याच धंद्यातली गोष्ट नव्याने दिसली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी ते उताराच्या रस्त्यावर गेले. इथे मांडी नाही. दोन्ही पाय खाली, उजवा जागेवर. उतार लांब होता. बाईंनी दुसरा गिअर ठेवला होता, नुसत्या ब्रेकवर गाडी सोडली नव्हती, तेही बरोबर होतं. खाली लाकडाच्या वखारीचं फाटक होतं. गाडी फाटकाच्या जवळ आली आणि आतून लाकडं लादलेला टेम्पो उलटा रस्त्यावर आला. ड्रायव्हर मागे बघतही नव्हता.

मास्तरांचा पाय खाली गेला. एक बोट. दोन बोटं. तार ताणली गेल्याचं तळव्याला लागलं. अजून जरा दाबलं असतं की गाडी मास्तरांची झाली असती. टेम्पोच्या मागच्या फळीवरचे खिळे दिसत होते. मास्तरांना वाटलं, दाबावं. बावीस वर्षं दाबलंय, आज न दाबायला आपण कोण लागून गेलो.

आणि पायाखालची तार एकदम सैल पडली.

तिकडून बाईंनी दाबलं होतं. त्यांच्या पेडलमागे मास्तरांचं पेडल नुसतं लुळं होऊन खाली गेलं. गाडी सरळ रेषेत, हिसका न देता, टेम्पोपासून दोन हातांवर थांबली. बाईंनी हँडब्रेक ओढला, गिअर काढला आणि मग श्वास सोडला.

"तुम्ही दाबला?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"खरं सांगा."

"तुमची शपथ, मी दाबायला गेलो होतो. तुम्ही आधी पोचलात."

बाईंनी पदराने कपाळ पुसलं. त्यांच्या तोंडावर हसू होतं. टेम्पोवाल्याला त्यांनी जे चार शब्द ऐकवले, ते दवाखान्यातल्या कुणी ऐकलं असतं तर विश्वास बसला नसता.

दुसऱ्या दिवशी मास्तर मैदानाबाहेर त्याच बाकावर बसले होते. आत गाडी फिरत होती, साहेब शेजारी. लांबून गाडीतली माणसं नीट दिसत नव्हती, पण थांबायच्या रेषेपाशी गाडीचं नाक जरासं खाली झुकलं आणि अलगद वर आलं, ते मास्तरांनी पाहिलं. चाक रेषेच्या वीतभर अलीकडे होतं. मास्तरांनी खाली बघितलं, तर उजवा पाय मातीत टाचेइतका रुतलेला. एवढं चालायचंच.

बाई कागद घेऊन बाहेर आल्या. त्यांनी कागद मास्तरांच्या हातात दिला आणि त्या रडल्या. मास्तरही जरा रडले. मग बाई म्हणाल्या, "सोमवारी पहिली फेरी. एक बाळंतीण आहे पलीकडच्या वस्तीत, मीच जाणार."

मास्तर घरी आले तेव्हा बायको पायरीवर बसून शेंगा सोलत होती. त्यांनी पास झाल्याचं सांगितलं, टेम्पोचं सांगितलं. मग मिस्त्रीने दाखवलेल्या रबराचं सांगितलं. इतके दिवस ते तिला सांगितलं नव्हतं, कारण ते सांगितलं की पुढचंही सांगावं लागलं असतं.

"तेव्हा ब्रेक तुझ्या पायाखालून पळत नव्हता," ते म्हणाले. "मी पळवत होतो. आणि वीस वर्षं मी लोकांना हसत सांगत आलो की हिला गाडीचा पायच नाही. चूक माझी होती."

बायकोने हातातली शेंग सोलून पूर्ण केली. "वीस नाही, एकवीस," ती म्हणाली. मग टोपलं बाजूला ठेवून उठली, हात झटकले आणि गाडीच्या दिशेने चालायला लागली.

मास्तर मागोमाग गेले. ती स्टिअरिंगवर बसली, सीट पुढे ओढली. मास्तर शेजारी बसले. गाडी अजून सुरूही झाली नव्हती. तिने ब्रेकवर पाय ठेवला, हळूच दाबला, मग आणखी जोर लावून दाबला.

"हा तर घट्ट आहे," ती म्हणाली.

"हो. तो तसाच असतो," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी चपला काढून सीटवर मांडी घातली. "चल, आधी मैदानावर."