गॅसचं खातं सुबोधच्या नावावर

आंघोळीनंतर गार्गी किती शांत झोपते, याचं घरात सगळ्यांना कौतुक होतं. मला त्या झोपेची भीती वाटायची.

चार महिन्यांचं बाळ भुकेनं रडतं, ओलं झालं की रडतं, काहीच नसलं तरी रडतं. गार्गी मात्र सकाळी दहाची आंघोळ झाली की मान टाकायची. दुपट्यात गुंडाळेपर्यंत डोळे मिटलेले, मुठी सैल. पाजायला घेतलं तरी ओठ हलायचे नाहीत. दोनदा उलटी झाली. माझंही डोकं त्याच वेळी ठणकायचं, कारण टॉवेल घेऊन मी शेजारीच उभी असायचे.

"आंघोळीनं बाळ सुस्तावतंच गं," सासूबाई म्हणायच्या. "सुबोध तर असा झोपायचा की शेजारणी नाकाशी बोट धरून बघायच्या, जिवंत आहे ना म्हणून."

त्या कोथरूडहून खास नातीसाठी इथे परदेशात आल्या होत्या. आमच्या टॅम्पिनीसच्या भाड्याच्या फ्लॅटमधलं बाथरूम इतकं लहान की पाय लांब करून बसता येत नाही. म्हणून त्या बाथरूमच्या दारात, स्वयंपाकघराच्या फरशीवर बसायच्या, पुढे केलेल्या पायांवर गार्गीला पालथी घ्यायच्या. आधी तेल, मग डाळीचं पीठ, मग तांब्यावर तांब्या कढत पाणी. चाळीस मिनिटं. बरोबर डोक्यावर, खिडकीशेजारच्या भिंतीला गॅसचा हीटर. घरमालकानं फार पूर्वी बसवलेला. नळ सोडला की भप्पकन पेटायचा, आणि त्याच्या भोकातून दिसणारी ज्योत निळी नव्हती, पिवळी होती.

पहिल्या दिवशी गार्गी शिंकली, तेव्हा "आई, खिडकी लावा ना," असं मीच म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून तो त्यांचा नियम झाला. बाळाला वारं लागता कामा नये. पुढे पिवळी ज्योत म्हणजे विषारी वायू असं वाचल्यावर मी खिडकी उघडायला गेले, तर त्यांनी तेलकट हातानं माझं मनगट धरलं. "ओलं अंग आहे तिचं. न्यूमोनिया करतेस का?"

मग मी गॅस कंपनीला फोन केला.

पहिल्यांदा आला तो हाफिज नावाचा मनुष्य, चाळिशीचा, गुडघे दुखत असल्यासारखा चालणारा. आल्या आल्या त्यानं खिडकी सताड उघडली. हीटरचं झाकण काढलं, काजळी खरवडली, एक यंत्र धरून आकडे बघितले, मग खिडकी लावून पुन्हा बघितले. कपाळाला आठी पडलेली मला दिसली.

"काय झालं?"

"ओल्ड ऑलरेडी, मॅम. रिपोर्ट अकाउंट होल्डरला जाईल. मिस्टर सुबोध. फोन पण करतो त्यांना."

"मला सांगा ना. मी त्यांची बायको."

"नॉट अलाउड लाह, मॅम. न्यू रूल."

संध्याकाळी सुबोध तांजोंग पगारच्या ऑफिसातून आला. मी दारातच विचारलं. बूट काढता काढता तो म्हणाला, "हो, आला होता फोन. साफ केलाय म्हणाला. ओके आहे."

"खिडकीचं काही म्हणाला?"

"ऋता, ओके आहे म्हटलं ना."

मी दुसऱ्या दिवशी कंपनीत फोन केला. बावीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एक मुलगी आली, फार गोड आवाजाची.

"आपण अकाउंट होल्डर आहात का, मॅम?"

"नाही, पण घरात बाळ आहे. ते आंघोळीनंतर—"

"मला समजतंय, मॅम. पण माहिती फक्त अकाउंट होल्डरला देता येते. आमच्या सेवेला एक ते पाच यात किती गुण द्याल?"

मी एक दिला. तिनं थँक्यू म्हटलं.

आठवड्यानं मी पुन्हा माणूस बोलावला. हा दुसरा होता, तरुण, घाईतला. त्यानंही खिडकी उघडली, पण लावली नाही. चार मिनिटांत यंत्र खिशात. "नो फॉल्ट फाउंड." तो कागद मात्र त्यानं माझ्या हातात दिला, कारण त्यावर सही हवी होती. सासूबाईंनी तो फ्रीजवर लावला. त्यांच्या भिशीच्या मैत्रिणींशी व्हिडिओवर बोलताना मी ऐकलं, "आमच्या सूनबाईंना बाळंतपणानंतर जरा तसं झालंय. हीटरची भीती वाटते. हो ना, हीटरची! शिकलेल्या मुली गं, वाचतात फार."

मी विषारी वायूची सूचना देणारा अलार्म ऑनलाइन मागवला. सुबोधनं ऑर्डर रद्द केली. "भिंतीवर तो लाल दिवा बघत बसशील दिवसभर. अजून एक खूळ कशाला?"

डॉक्टरकडे नेलं तर तिथे पोचेपर्यंत दुपार झालेली असायची आणि गार्गी हसत, पाय झाडत. डॉक्टर बाई तिच्यापेक्षा माझ्याकडेच जास्त बघत होत्या. "झोप होते का तुमची?" त्यांनी विचारलं. सुबोधनं उत्तर दिलं, "नाही होत."

त्या रविवारी जेवताना मायलेकांनी सांगितलं. ठरवून झालेलं होतं, फक्त सांगायचं उरलं होतं. माझी रजा संपत आली होती, सासूबाईंचा व्हिसाही. शनिवारच्या विमानानं त्या गार्गीला घेऊन पुण्याला जाणार. सहा महिने.

"ती अंगावर पिते," मी म्हणाले.

"वरचं दूध आहे की," सासूबाई म्हणाल्या. "आणि खरं सांगू? तू तिच्याकडे बघतेस ना, ते मला बघवत नाही. आई बाळाकडे अशी बघते का? पोलीस बघतो तसं."

"सुबोध?"

त्यानं भाताचा घास मोडला. "तुझी अवस्था बघ ना, ऋता. आपण कुणी शत्रू नाही तुझे."

विमानात बाळ आजीबरोबर जाणार म्हणून संमतीपत्रावर माझी सही लागत होती. कागद टेबलावर ठेवला होता, पेन त्यावर आडवं. मी सोमवारी सही केली नाही, मंगळवारी नाही. बुधवारी सकाळी मला वाटलं, करावी. खरंच वाटलं. दोन माणसं येऊन बघून गेली, डॉक्टर म्हणतात बाळ छान आहे, आणि मी रोज आंघोळीनंतर तिच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजते. कदाचित मीच बिघडले असेन. पुण्याला गेली तर निदान या हीटरखालून तरी सुटेल.

सही करण्याआधी तिकिटावर गार्गीचं नाव बरोबर आहे का बघावं म्हणून मी घरातला टॅबलेट उघडला. त्यावर सुबोधची मेल चालूच असते. तिकीट शोधताना हाफिजचा रिपोर्ट सापडला.

तारीख बारा दिवसांपूर्वीची. ज्वलन अपूर्ण. खिडकी बंद असताना विषारी वायूचं प्रमाण धोकादायक. खिडकी बंद ठेवून हीटर अजिबात वापरू नये. लहान मूल घरात असल्याने तातडीने बदलावा. आणि खाली एक ओळ: अकाउंट होल्डरला फोनवर समजावून सांगितले, त्यांना समजले.

ते वाचल्यावर मला सकाळचा सुबोध आठवला. सात वाजता आंघोळीला जाताना स्वयंपाकघराची खिडकी उघडणारा. बारा दिवस रोज उघडत होता. मला वाटायचं, त्याला मोकळी हवा आवडायला लागली आहे.

सासूबाई तेलाची वाटी घेऊन आल्या. मी गार्गीला उचललं, "ताप वाटतोय, डॉक्टरकडे नेते," म्हणाले आणि घरच्या कपड्यांवरच बाहेर पडले. या वेळी रिपोर्ट दाखवला. डॉक्टर बाईंनी तिला हॉस्पिटलला पाठवलं, तिथे रक्त तपासलं, डोळे, हातपाय, सगळं तपासलं. चार तास. मग एक मोठे डॉक्टर म्हणाले, "नशीबवान आहे. रोज थोडक्यावर निभावलंय. काही इजा नाही, पुढेही काही राहणार नाही. निश्चिंत घरी जा."

मी सुबोधला इमारतीखालच्या बाकावर बोलावलं. टॅबलेट त्याच्या मांडीवर ठेवला. त्यानं वाचलंही नाही.

"आईला कसं सांगणार होतो?" तो म्हणाला. "'तुझ्या हातून बाळाला धोका आहे' असं तिला म्हटलं असतं तर ती दुसऱ्या दिवशी निघून गेली असती. मग तुझं ऑफिस? गार्गीचं कोण बघणार? मला वाटलं, थोडेच दिवस आहेत. शनिवारी जातीलच दोघी."

"आणि अलार्म?"

त्यानं टॅबलेट मांडीवर पालथा घातला.

"तू स्वतः खिडकी उघडून आंघोळ करत होतास."

"ऋता, प्लीज. तू म्हणशील ते करू. सहीबिही काही नको. फक्त मला माहीत होतं हे आईला कळू देऊ नकोस. ती मरेल."

मी विचार केला. फार वेळ लागला नाही. आईसमोर तो दोषी ठरला असता, तर दोघं रडून एकमेकांना माफ करून मोकळे झाले असते, आणि महिन्याभरात मीच पुन्हा वेडी. तो रिपोर्ट माझ्याजवळ राहिला तर सुबोध जन्मभर माझं ऐकणार होता.

"नाही सांगत," मी म्हणाले.

वर गेल्यावर मी सासूबाईंना सोफ्यावर बसवलं आणि रिपोर्ट मराठीत वाचून दाखवला. एकेक शब्द. तारीख आणि खालची ओळ सोडून. सुबोध दाराला टेकून उभा होता.

"हे आज आलं?" त्यांनी विचारलं.

"आज."

"पण तो दुसरा मुलगा तर म्हणाला—"

"त्यानं खिडकी उघडी ठेवून बघितलं. बंद तुम्ही करत होता."

त्या आपल्या तळहातांकडे बघत राहिल्या. "माझंही डोकं दुखायचं गं. मला वाटलं, इथल्या दमटपणानं." मग एकदम वर बघितलं. "पहिल्या दिवशी ती शिंकली, तेव्हा तूच म्हणालीस ना, खिडकी लावा म्हणून?"

"मला नाही आठवत."

"अगं, टॉवेल घेऊन उभी होतीस, आणि—"

"आई, मी उघडायला आले तेव्हा तुम्ही माझं मनगट धरलंत. ते आठवतंय मला."

त्यांनी सुबोधकडे बघितलं. तो चपला नीट लावत होता.

गार्गी माझ्या खांद्यावर जागी होती, टक्क, आजीकडे बघून हुंकार देत होती. सासूबाईंचा आवाज अगदी लहान झाला.

"डॉक्टर काय म्हणाले? तिच्या मेंदूवर वगैरे... काही होणार नाही ना?"

मला फक्त "नाही" म्हणायचं होतं. ते डॉक्टरांनी चार तास तपासून मला दिलेलं उत्तर होतं. पण मला भिशीच्या मैत्रिणी आठवल्या, फ्रीजवरचा कागद आठवला, पोलीस बघतो तसं.

"आत्ता सांगता येत नाही," मी म्हणाले. "मोठी झाल्यावर कळेल. बोलायला लागेल, शाळेत जाईल, तेव्हा."

सुबोधनं मान वर केली. त्याला मी खालीच सांगितलं होतं की तिला काही झालेलं नाही. तो माझ्याकडे बघत राहिला, मी त्याच्याकडे. मग तो पुन्हा चपला लावू लागला.

दुसऱ्या दिवशी हीटर निघाला. एका फोनवर. फोन सुबोधनं केला होता.

शनिवारी आम्ही चांगी विमानतळावर गेलो. तीन दिवस सासूबाईंनी गार्गीला घेतलं नव्हतं. भांडी घासत होत्या, घासलेली पुन्हा घासत होत्या. ती रडली की त्या स्वयंपाकघरातून विचारायच्या, "नेहमीसारखंच रडतेय ना गं? रडण्यात काही वेगळं वाटत नाही ना?"

पासपोर्ट तपासायच्या रांगेआधी सुबोध म्हणाला, "आई, घे ना तिला एकदा."

गार्गीनं दोन्ही हात पुढे केले होते. ते करायला ती त्याच आठवड्यात शिकली होती, आजीकडे बघूनच. सासूबाईंनी हात पदराखाली घेतले आणि एक पाऊल मागे सरल्या.

"नको," त्या म्हणाल्या. "राहू दे. तुमच्याजवळच बरी आहे."

मग माझ्याकडे वळून, सुबोधला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाल्या, "बोलायला लागली की पहिला शब्द मला लगेच कळव हं. रात्री, केव्हाही."

"कळवीन," मी म्हणाले.

त्या रांगेत शिरल्या. सुबोध माझ्याकडे न बघता म्हणाला, "आता तरी सांग ना तिला. धावत जाऊन सांगतो मी, हवं तर."

"जा," मी म्हणाले. "सगळंच सांग मग."

तो जागचा हलला नाही.